मी दाखवलेली हदिया

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल फोन आहे. इजिप्तमधल्या दुमयात गावात खुर्च्या बनवणारे कारागीर, उस्ता बयूमी, माझे मालक. सगळे पैसे गेल्याचे घरात कळले, त्या दुपारी मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर पडलो होतो. त्यांची थोरली मेहुणी सनीया चहा ओतता ओतता थांबली.

"कूलरचे पैसे कुठायत, बयूमी?"

उस्तांनी माझ्याकडे बोट दाखवले. "यात घातले होते, ताई. राहिले नाहीत."

मी मुळात उस्तांच्या बायकोचा, इन्शिराहचा. तिने मला बाजारातून घासाघीस करून आणले. सात वर्षे मी तिचा आवाज कारखान्यात पोचवला. "येताना लिंबं आणा, आणि लिंबांबरोबर स्वतःही या!" ती मला कधी रिकामा बसू देत नसे. मग ती आजारी पडली आणि गेली. मी खणात पडून राहिलो. माझ्यात साठलेला तिचा आवाज ऐकण्यासाठी उस्तांनी मला पुन्हा बाहेर काढले.

गल्लीच्या तोंडाशी तिच्या नावाने थंड पाण्याचा कूलर बसवायचे त्यांनी ठरवले. पिणारा प्रत्येक जण तिच्यासाठी दुआ करील. निम्मे पैसे जमले होते. तेवढ्यात माझ्यावर एका कॅसिनोचा निरोप आला: 'तुमच्यासाठी हदिया! जितके भराल, तितकेच आमच्याकडून.'

हदिया म्हणजे भेट. आमच्याकडे भेट नाकारली तर देणाऱ्याचा अपमान होतो. उस्तांनी 'स्वीकारा' दाबले आणि कूलरचे पैसे भरले. आकडा दुप्पट झाला. इन्शिराह गेल्यापासून ते पहिल्यांदा हसले.

पैसे काढायला गेले, तेव्हा मी बारीक अक्षरे दाखवली. सगळी रक्कम पस्तीस वेळा खेळून होईपर्यंत काहीच निघणार नव्हते, त्यांचे स्वतःचेसुद्धा नाही. ती अक्षरे आधीही माझ्यावर होती. त्यांनी चष्मा लावला नव्हता. मग ते चित्रांची चाके फिरवत राहिले. तीन दिवसांत आकडा शून्यावर आला. पस्तीसपैकी नऊ फेऱ्याही पुऱ्या झाल्या नव्हत्या.

"जुगाराच्या पैशातलं पाणी माझ्या बहिणीच्या नावानं पाजणार होतास?" सनीया म्हणाली.

"जुगार नाही ताई, हदिया होती."

"हदिया देणारा दारात येतो, बस म्हटलं की बसतो, चहा पिऊन जातो. हा कधी आला होता रे तुझ्याकडे?"

चहा तसाच राहिला.

मित्रांनो, माझ्यावर काय उमटावे, हे माझ्या हातात नसते. तुमचे बोट मात्र तुमचे आहे. असली भेट फुकट नसते. ती काढायला जाताना बहुतेकांचे आधी स्वतःचेच पैसे जातात. बारीक अक्षरे वाचा, आणि जे कुणाच्या आठवणीसाठी जपले आहे, ते तरी अशा ठिकाणी भरू नका.

उस्ता आता मला फक्त बायकोचा आवाज ऐकायला उघडतात. कूलर आलेला नाही. इन्शिराहच्या नावाने अजून कुणी पाणी प्यालेले नाही.