एकवीस सेकंदांचा आत्मा

बाबूजींचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, शेवटचा साधा दिवस म्हणजे एक रविवार. दुपारी ते अंगणातल्या बाजेवर पडून त्यांच्या गेमच्या यंत्रावर आगगाडी चालवत होते. गाडी दरीत गेली की यंत्रालाच बोलायचे, "लेका, ब्रेक काऊन लागत नाई तुया?" माजरीच्या खाणीतून निवृत्त झालेला इलेक्ट्रिशियन माणूस. यंत्र विकत घेतलं त्याच आठवड्यात त्यांनी ते उघडलं आणि आतली व्यवस्था बदलून स्वतःच रचलेले खेळ त्यावर चढवले. संध्याकाळी मी धानोऱ्याला, माझ्या ग्रंथालयाच्या नोकरीवर परतले. मंगळवारी बाबूजी गेले. डॉक्टर म्हणाले, साखर सहाशेच्या वर होती. तीन आठवड्यांपासून त्यांचं इन्सुलिन बंद होतं. त्याऐवजी गावातल्या हेमराज महाराजांनी दिलेलं भस्म सुरू होतं.

माणूस जिथे प्राण सोडतो तिथे आमच्याकडे पीठ पसरतात, वर टोपली उपडी घालतात आणि शेजारी दिवा लावतात. पिठात उमटलेल्या खुणेवरून त्याचा पुढचा जन्म कळतो म्हणे. आईने दिव्याजवळ बाबूजींचं यंत्रही ठेवलं. महाराज म्हणाले, "दिव्यासारखं हेही इझू देऊ नका." ते चालूच राहिलं आणि पहाटे चार्ज संपून बंद पडलं. पिठावर काहीच उमटलं नाही. पण यंत्राला चार्जिंगची वायर लावली तेव्हा पडदा उजळला, यंत्र घरघरलं, विझलं, परत उजळलं, आणि मग हेच चालू राहिलं. महाराजांनी बाबूजींचं नाव घेऊन जाहीर केलं, "श्रीहरीभाऊ पिठात नाई आले. डब्यात आले."

तेरवीला अंगणात पन्नास-साठ माणसं बसली होती. महाराज यंत्रासमोर डोळे मिटून जपमाळ ओढत होते. यंत्र घरघरलं की 'हो', नाहीतर 'नाही'.

"भाऊ, पोरीवर राग हाय का तुमचा?" सात-आठ मणी सरकले. यंत्र गप्प. "राग नाई. दिलदार आत्मा. भाऊ, नातेवाइकाईवर माया हाय का?" मग लांबलचक मंत्र, मण्यामागून मणी, आणि यंत्र घरघरलं. बायांनी हात जोडले.

आई पुढे सरकली. तिलाही साखर आहे. मांडीवर इन्सुलिनच्या सुयांचा डबा होता. यंत्राकडे बघून ती म्हणाली, "मी बी सुई सोडू का जी?"

महाराजांनी पुन्हा तोच लांब मंत्र धरला. मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. घरघर झाली. आईने डबा महाराजांच्या पायाशी ठेवला.

तोवर मी चारदा मोजलं होतं. चारही वेळा दोन घरघरींमध्ये एकवीस सेकंद. महाराजांचा सेकंदाला एक मणी. हो हवं असलं की माळ एकविसाव्या मण्यापर्यंत ओढायची. नाही हवं असलं की घरघर संपताच विचारायचं आणि आठ मण्यांवर निकाल द्यायचा.

यंत्र उचलून मी आत नेऊ शकले असते. नेलं नाही. हा माणूस सगळ्यांसमोर तोंडघशी पडलेला मला बघायचा होता.

"महाराज, मी विचारू?"

"विचार ना बाई. तुयाच बाप हाय."

मी मनात मोजत अठरापर्यंत थांबले. "बाबूजी, हे महाराज लबाड हायेत का?"

घर्रर.

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. महाराज म्हणाले, "आत्मा चिडला. पोरगी दुःखात हाय."

"मंग पुन्हा विचारतो. बाबूजी, यायनंच मारलं का तुमाले?"

घर्रर.

आता कोणी हसलं नाही. मी मोठ्याने मोजायला लागले. पंधरावर शेजारच्या धनराजकाकांनी साथ धरली, अठरावर बायांनी. सगळं अंगण "एकवीस" म्हणालं आणि यंत्राने हुकमासारखी घरघर केली.

महाराज उठले. धनराजकाका मोबाइलवर चित्रण सुरू करून फाटकात खुर्ची टाकून बसले. "बसा न महाराज. च्या टाकला हाय." महाराज परत जागेवर बसले.

मी बाबूजींचा लॅपटॉप आणला. सांगितलं ते असं: सुरू कसं व्हायचं याची मूळ माहिती यंत्राच्या पोटात असते. ती लिहिली जात असताना चार्ज संपला आणि ती अर्धवट राहिली. यंत्र ती वाचायला घेतं, अडखळतं, घरघरतं, परत पहिल्यापासून सुरू करतं. यंत्रात फेरफार करण्याआधी बाबूजींनी त्या माहितीची पूर्ण नक्कल या लॅपटॉपवर उतरवून ठेवली होती. दुसऱ्या यंत्राची नक्कल चालत नाही, याचीच लागते. बाबूजींकडून शिकले होते तसं मी यंत्र लॅपटॉपला जोडलं, बिघडलेला भाग पुसला आणि नक्कल जागी बसवली. चाळीस मिनिटं लागली. एकही माणूस उठला नाही.

पडदा उजळला आणि खेळांची यादी आली. घरघर नाही.

"विचारा महाराज," मी म्हटलं.

त्यांनी विचारलं नाही. "झालं. श्रीहरीभाऊ मुक्त झाले," म्हणाले. दोन-चार हात पुन्हा जोडले गेले.

"अस्सं? मंग परत बोलावतो." मी तीच माहिती मुद्दाम अर्धी पुसली. एकवीस सेकंदांनी घर्रर. नक्कल पुन्हा चढवली. शांत. "आनखी कितीदा मुक्त करू, सांगा. हे सारं काकाच्या मोबाइलमधी रेकॉर्ड होऊन राह्यलं. उद्या ठाण्यात देतो. जादूटोण्याचा कायदा हाय यासाठी."

महाराजांचा चेहरा पिठासारखा झाला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

आईने सुयांचा डबा त्यांच्या पायाजवळून उचलला आणि बाबूजींच्या यंत्राकडे बोट दाखवलं. "मंग यायले सुई सोडाले तुमीच सांगतलं न?"

"सांगतलं," महाराज खेकसले. "मी का जबरदस्ती केली? घरचे शिकलेले लोकं होते न. त्याईनं काऊन नाई अडवलं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. धनराजकाका म्हणाले, "पोरीले काय माहीत? ते धानोऱ्याले राह्यते."

तिथे मी गप्प राहू शकले असते. माझी बाजू जिंकली होती.

"मले माहीत होतं काका," मी म्हटलं. "बाबूजीनं पंधरा दिवस आंधी फोनवर सांगतलं होतं. मले समजत होतं हे चुकीचं हाय. वाद नोको म्हणून मी 'बरं' म्हटलं अन् फोन ठेवला. या महाराजाले ठाण्यात नेतोच मी. पण तुमी कोणी माह्यासारखं करू नोका. पटलं नाई तं तिथंच, तोंडावर विचारा. आई, मले माहीत होतं. मी बोलली नाई."