गोलाबाहेरची आई

माझी थोरली लेक जनेसा नवऱ्याने टाकल्यावर पोटुशी घरी आली, तेव्हा गावाने बोलायचं काही बाकी ठेवलं नाही. तिने कुणाकडे काही मागितलं नाही. बाळ झाल्यावर मात्र तिने एक गोष्ट मागितली. महिन्याच्या पहिल्या, उपासाच्या रविवारी चर्चमध्ये बाळाला नाव ठेवून आशीर्वाद देतात, तेव्हा तिला बाळ स्वतःच्या हातांवर धरायचं होतं.

"आशीर्वाद बाबाच देऊ देत. मी तोंडातून चकार शब्द काढणार नाही, नुसती धरीन. आणि तेवढंही जमणार नसेल ना आई, तर मी पुन्हा चर्चच्या दारात पाय ठेवणार नाही."

आम्हा मॉर्मन लोकांत बाळाभोवती पुरुष गोल करतात. ज्यांना याजकपद आहे तेच, म्हणजे झाडून सगळे पुरुष. एक हात बाळाखाली, दुसरा शेजाऱ्याच्या खांद्यावर. बायका बाकावर. माझ्या पाचही बाळांच्या वेळी मी कोटांच्या पाठी बघत बसले होते. "मला नाही बाई कधी काही वाटलं," असं मी लेकीला सांगितलं. साफ खोटं सांगितलं.

मग बिशपकडे, म्हणजे आमच्या गावच्या चर्चच्या प्रमुखाकडे गेले. बिशप लारसेन आमचा शेजारीच. टर्की पाळतो. माणूस म्हणजे गरीब गाय. त्याला शेडच्या दारातच गाठलं.

"सिस्टर व्हेर्ला, तुमच्या हातच्या पावाला मी कधी नाही म्हणालोय? पण हे माझ्या हातात नाही हो."

"मग कुणाच्या हातात आहे?"

"वरच्यांच्या."

"वरचे म्हणजे सॉल्ट लेकच्या मुख्य कचेरीतले, की त्यांच्याही वरचा?"

तो हसला नाही. "तुमच्यासारखीनेच असं विचारलं, तर मुलींनी कुणाकडे बघायचं?" एवढंच म्हणाला. वीस वर्षं रविवारच्या वर्गात मी मुलींना शिकवलंय, की पुरुषाला याजकपद, बाईला आईपण, दोन्ही सारखीच. आणि आता आईलाच बाळ धरता येत नव्हतं. मला रडू येत होतं, रागही येत होता, पण कुणावर तेच कळेना.

घरी जनेसा म्हणाली, "कळलं. तरी येते रविवारी. बाबांसाठी."

रविवारी सात जणांनी गोल केला. माझा नवरा ड्वेन प्रार्थना म्हणू लागला, आणि बाळाने भोकाड पसरलं. सात हात त्याला खालीवर हलवत होते. ड्वेनने आवाज चढवला, बाळाने त्याहून चढवला. जनेसा उठून उभी राहिली.

सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. बिशपचेसुद्धा. पुढे जाऊन तिने बाळाखाली हात धरला असता, तर कोण काय म्हणालं असतं? मला खरंच माहीत नाही. मी तिचं मनगट पकडलं.

"सोड, आई."

"बस खाली. लोक बघतील."

"कुणी बघत नाहीये. सोड ना गं."

मी सोडलं नाही. ती बसली. आमेन झालं, पुरुषांनी एकमेकांशी हात मिळवले. ड्वेनने बाळ आणून दिलं, तसं ते छातीशी धरून ती बाजूच्या दाराने निघून गेली. मागे वळून पाहिलं नाही.

त्या अख्ख्या सभेत तिला अडवणारं एकच माणूस निघालं, आणि ती तिची आई होती.