मागच्या गेटचे पाहुणे

सोसायटीची ती नोटीस मोबाइलवर आली तेव्हा मी पोहे परतत होते. मथळा होता, ‘लहान मुलं असलेल्या कुटुंबांसाठी स्वयंसेवेच्या संधी’. खाली चार पर्याय दिले होते: तळ्याकाठी झाडं लावणे, पक्ष्यांसाठी पाण्याची भांडी ठेवणे, जुनी पुस्तकं गोळा करणे आणि मागच्या शेडमधल्या मुलांना वस्तूंचं वाटप. सगळं रविवारी, दहा ते अकरा. टी-शर्ट सोसायटी देणार. मुलांमध्ये देण्याची वृत्ती रुजावी, असं शेवटी लिहिलं होतं, आणि त्याखाली एक रिकामी ओळ: तुम्हाला काही वेगळं सुचत असेल तर इथे भरा.

पोहे खाली लागले. माझं लक्ष त्या रिकाम्या ओळीकडे होतं.

आमची सोसायटी बंगळुरात, महादेवपुऱ्यात. पुढच्या गेटाबाहेर जुन्या गावाची गल्ली आहे आणि त्या गल्लीत अंगणवाडी. मागच्या गेटाबाहेर बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या शेड. मधे आम्ही, तीनशे फ्लॅट, कारंजं आणि बोगनवेल. त्या शेडमधली अकरा पोरं रोज सकाळी मागच्या गेटातून आत यायची आणि आमच्या रस्त्याच्या कडेकडेने, भिंतीला धरून, पुढच्या गेटातून अंगणवाडीला जायची. पुढे गंगव्वा. गंगव्वा अंगणवाडीत मदतनीस, मूळची निपाणीकडची, कंबरेत पदर खोचून चालायची. चार मिनिटांचा रस्ता. दोन वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं.

मग कुणाची तरी सायकल हरवली. ग्रुपवर लगेच प्रश्न आला: सुरक्षेसाठी मागचं गेट फक्त रहिवासी आणि त्यांच्या पाहुण्यांसाठी ठेवायचं का? एकशे अठरा लोक हो म्हणाले. त्यातली एक मी. ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, अंगठा टेकवला आणि विसरून गेले. सायकल नंतर तळघरात सापडली, तिच्या मालकाच्याच गाडीमागे. गेट मात्र बंद ते बंदच.

आता गंगव्वाला मुलांना घेऊन सर्व्हिस रोडने वळसा घालावा लागायचा. फूटपाथ नाही, पाण्याचे टँकर एकामागून एक. तिसऱ्या दिवशी टँकरखाली पवित्राची चप्पल गेली. पाय थोडक्यात वाचला. पवित्रा चार वर्षांची, माझ्या शाल्मलीएवढीच. त्यानंतर आईबापांनी मुलं पाठवायचं बंद केलं. अंगणवाडीतलं दूध, गरम भात, गाणी, सगळं राहिलं, आणि ती अकरा पोरं दिवसभर लोखंडी सळ्या आणि पाण्याच्या खड्ड्यांमध्ये खेळायला लागली. हे मला माझ्या घरी कामाला येणाऱ्या बाईंनी सांगितलं. ऐकून मला माझ्या अंगठ्याची लाज वाटली. लाज वाटली की मला राग येतो, हा माझा जुना दोष आहे.

मी ती रिकामी ओळ भरली. ‘शेडमधल्या मुलांना सोसायटीतून अंगणवाडीत पोचवणे. रोज, सकाळी साडेनऊ. श्वेता आणि शाल्मली.’

दहा मिनिटांत ओळ पुसली गेली. आमचे सेक्रेटरी जितेंद्र, नागपूरचे, माणूस तसा सभ्य. त्यांनी मला वेगळा मेसेज केला की कल्पना छान आहे, पण उपक्रम रविवारपुरते आहेत, आणि तुम्ही वस्तूंच्या वाटपाला जरूर या. नवरा म्हणाला की तुला लष्कराच्या भाकऱ्या भाजायची फार हौस. मी म्हटलं, पीठ मी मळलंय, भाजायला दुसरं कोण येणार?

वाटपाला गेलेही. जितेंद्रांचा निहार पाच वर्षांचा. त्याला पवित्राच्या हातात पेन्सिलचा डबा द्यायचा होता. पहिल्या वेळी पवित्रा कॅमेऱ्याकडे बघत नव्हती, दुसऱ्या वेळी निहारने डोळे मिटले. तिसऱ्यांदा डबा परत घेऊन पुन्हा दिला तेव्हा फोटो नीट आला. निहारची आई स्मिता माझ्या शेजारी उभी होती. ती टी-शर्टच्या बाहीचा धागा ओढत राहिली. तोच फोटो पुढे सोसायटीच्या फेसबुक पानावर सगळ्यात वर लागला.

मी गंगव्वाला गाठून म्हटलं की मला मदत करायची आहे. तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं, टी-शर्टवर जरा जास्त वेळ.

“फोटो काढाय आलाय काय, ताई?”

मी म्हटलं, “नाही. सोमवारी मुलांना घेऊन मागच्या गेटावर या. देवाप्पाला सांगा, श्वेताच्या घरी आलोय.”

देवाप्पा म्हणजे मागच्या गेटावरचा पहारेकरी, होसकोटेहून रोज पहाटेच्या बसने येणारा. सोसायटीचं पाहुण्यांसाठी एक अ‍ॅप आहे. कुणी आलं की पहारेकरी त्याचा फोटो काढतो, तो आपल्या फोनवर येतो, आपण हो म्हटलं की पाहुणा आत. ठराव मी पुन्हा शब्द न शब्द वाचला होता. रहिवासी आणि त्यांचे पाहुणे. पाहुण्याची उंची किती असावी, त्याच्या पायात चप्पल असावी का, हे कुठेच लिहिलं नव्हतं.

सोमवारी साडेनऊला माझा फोन वाजायला लागला. अकरा चेहरे, एकामागून एक. कुणाचं नाक वाहतंय, कुणी हसतंय, एकाचं नुसतं कपाळच आलं होतं. मी बाराही वेळा हो म्हटलं. बारावी गंगव्वा. मग शाल्मलीला घेऊन खाली गेले, सगळ्यांना घरी आणून पाणी दिलं, कारण पाहुणे घरी यायलाच हवेत, आणि पुढच्या गेटातून अंगणवाडीत पोचवलं. दुपारी तसंच उलटं. ऑफिसमध्ये सांगितलं की साडेनऊ ते दहा मी मीटिंग घेणार नाही. कारण विचारलं तर म्हटलं, घरी पाहुणे असतात.

असे सहा दिवस गेले. सातव्या दिवशी समितीचं परिपत्रक आलं: सकाळच्या वेळेत एका फ्लॅटला जास्तीत जास्त चार पाहुणे. तेही उद्यापासून. सहा दिवसांत एवढी तत्परता मी ह्या समितीत कधी पाहिली नव्हती. आमची लिफ्ट तीन महिने बंद होती.

बारा भागिले चार. मला आणखी दोन घरं हवी होती.

लहान मुलं असलेल्या जवळजवळ प्रत्येक घराचं दार मी त्या संध्याकाळी वाजवलं. सगळ्यांना मुलांची कणव होती. कुणाचं घर भाड्याचं होतं, कुणाच्या सासूबाई आलेल्या होत्या, कुणाला इन्फेक्शनची भीती होती. एकीने मला पुन्हा पुन्हा सांगितलं की ती मनाने माझ्याबरोबर आहे. मन गेटावर चालत नाही, तिथे फ्लॅट नंबर लागतो. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी तोपर्यंत फक्त ऐकली होती.

शेवटी तळमजल्यावरच्या वासंतीअक्कांकडे गेले. त्यांचं घराणं चार पिढ्या बंगळुरात, मराठी बोलता बोलता मधेच कन्नडात शिरणारं. त्यांच्या घरात लहान मूल नव्हतं, म्हणून त्यांचं नाव माझ्या यादीतच नव्हतं.

“लहान मूल आहे की माझं,” त्या म्हणाल्या. “पंचेचाळीस वर्षांचं. अमेरिकेत असतं. सरी बिडू, बरं तर, चौघं माझ्या घरी लिही. स्वल्प आधी पाठव, चकल्या देते.”

स्मिताच्या दारापर्यंतही गेले होते. आतून जितेंद्रांचा आवाज आला आणि मी बेल न वाजवता परत फिरले. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. मी इतकी शूर नव्हते.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला जितेंद्र स्वतः मागच्या गेटावर उभे होते. निहारचा हात त्यांच्या हातात, त्याला शाळेत सोडायला निघाले होते. गेटाबाहेर रांग होती. माझ्या नावावर चौघं आत आली. वासंतीअक्कांच्या नावावर चौघं आली. गंगव्वा आणि तीन पोरं बाहेर राहिली. पवित्रा त्यातलीच होती.

“हे तुम्ही मुद्दाम करून राहिल्या,” जितेंद्र मला म्हणाले. चिडले की त्यांच्या बोलण्यात नागपूर यायचं. “नियम सगळ्यांना सारखा आहे. चार म्हणजे चार.”

मी म्हटलं, मी नियम मोडलेला नाही, उलट मी एकटीच तो रोज पाळते आहे. ते म्हणाले, मग उरलेल्यांनी बाहेरून जावं. मी म्हटलं, तर आज मी आणि शाल्मलीही त्यांच्याबरोबर बाहेरूनच जाऊ, सर्व्हिस रोडने, आणि टँकर आला तर सगळ्यांना सारखाच येईल. आत आलेली आठ पोरं भिंतीला चिकटून आमच्याकडे बघत होती. मी शाल्मलीचा हात धरून गेटाबाहेर पाऊल टाकलं.

तेवढ्यात निहार म्हणाला, “देवाप्पा अंकल, ही आमच्याकडे आलीय.”

त्याचं बोट पवित्राकडे होतं. जितेंद्रांनी त्याला गप्प केलं. देवाप्पाने मात्र हातातला फोन वर केला. बारा वर्षं गेटावर काढलेला माणूस तो, कुणाचं ऐकायचं हे त्याला आमच्याहून जास्त कळायचं. तो अदबीने म्हणाला की घरच्या माणसाने पाहुणे सांगितले तर विचारावंच लागतं, साहेब, तुमचंच परिपत्रक आहे. आणि जितेंद्र काही म्हणायच्या आत त्याने चौघांचे फोटो काढून धाडलेही. अ‍ॅपवर त्या फ्लॅटची नोंद स्मिताच्या नावावर होती, म्हणून फोटो तिच्या फोनवर गेले.

फोनवर होकार येईना. अर्धं मिनिट गेलं. जितेंद्र घड्याळ बघायला लागले. मला वाटलं, संपलं.

मग देवाप्पाचा फोन वाजला. त्याने तो स्पीकरवर घेतला. स्मिता होती. तिने आधी हिंदीत विचारलं की साहेब तिथे आहेत का. देवाप्पा हो म्हणाला. पुढचं ती मराठीत बोलली, म्हणजे ते देवाप्पासाठी नव्हतंच.

“ह्या मुलीच्या हातातून डबा दोन वेळा काढून घेतला आपण, फोटोसाठी. तिचं तोंड आपल्या पानावर सगळ्यात वर आहे. ती फोटोत चालते, तर घरातही चालेल. चौघांना वर पाठवा. आणि रोज पाठवा, मला विचारू नका.”

फोन बंद झाला आणि अ‍ॅपवर होकार उमटला. देवाप्पाने गेट उघडलं, नेहमीसारखं पाहुण्यापुरतं नाही, ट्रकसाठी उघडतात तसं पूर्ण. जितेंद्र फोनकडे बघत राहिले. लोकांसमोर घरचा फोन असा वाजला की माणसाचं काय होतं, ते मला दिसत होतं. मला त्यांची दया आली नाही. येईल कधीतरी, त्या दिवशी नाही आली.

गंगव्वा तिघांना घेऊन आत आली. जितेंद्रांसमोर येऊन थांबली, पदर नीट खोचला.

“साहेब, आज फोटो नको काय?”

जितेंद्र बाजूला झाले. निहार त्यांचा हात सोडून पवित्राच्या मागे जाऊन उभा राहिला होता, त्याच्या मागे शाल्मली. भिंतीला चिकटलेल्या आठ जणांना गंगव्वाने हाक मारली आणि रांग लावली. मग ती सगळी पोरं आमच्या सोसायटीच्या रस्त्याने निघाली. कडेने नाही, मधोमध.