बहात्तरचा स्विंग

गोल्फचा दहावा चेंडू जाळीत आदळला आणि पडद्यावर फटक्याच्या वेगाचा आकडा उमटला: ताशी एक्क्याण्णव मैल. निरीक्षकांनी चष्मा वर करून तो दोनदा वाचला. कंबरेतून कळ गेली होती, पण ती त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिली नाही.

"कडक शाफ्टला पंच्याण्णव लागतात ना? चारच कमी," ते म्हणाले. "म्हणजे चालतील मला."

"चालतील की," कारागीर म्हणाला. "दर चेंडूला असा जीव टाकलात तर चौथ्या होलपर्यंत चालतील. पाचव्याला तुम्हालाच उचलून आणावं लागेल."

दुकान लहान होतं. एका भिंतीला क्लबच्या, म्हणजे गोल्फच्या काठ्यांच्या, नुसत्या दांड्या, म्हणजे शाफ्ट, जाडीप्रमाणे टांगलेल्या. मधे हिरवी चटई, समोर जाळी आणि वेग मोजणारं यंत्र. मोजमापाच्या जागी निरीक्षकांना एरवी घरच्यासारखं वाटे. चौतीस वर्षं त्यांनी वजनमापे खात्यात काढली होती. काट्याखाली चिकटवलेलं चिंचोक्याएवढं शिसंही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. आज मात्र काटा दुसऱ्याचा होता आणि शिसं त्यांनी स्वतःच चिकटवलं होतं.

त्याला कारण मुलगा. बायको गेल्यापासून घरात बोलणारं असं कुणी उरलं नव्हतं. दूरदेशी असलेला मुलगा रविवारी फोन करी. तब्येत, हवा, जेवलात का. तीन मिनिटांत विषय संपत. गेल्या वर्षी त्यानं आपला जुना गोल्फचा सेट पाठवून दिला आणि निरीक्षक वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मैदानावर जाऊ लागले. तेव्हापासून फोन वीस मिनिटं चाले. बोलण्याच्या भरात चेंडू दोनशे यार्ड जातो असं ते एकदा सांगून बसले. प्रत्यक्षात तो शंभरच्या आसपास, बिथरलेल्या वासरासारखा उजवीकडे पळे. आणि शुक्रवारी मुलगा चार दिवसांसाठी येत होता. शनिवारी सकाळची वेळ त्यांनी मैदानावर दोघांच्या नावानं राखून ठेवली होती. आज मंगळवार. याच क्लबांनी चेंडू सरळ जायला हवा होता, नाहीतर पहिल्याच फटक्याला पितळ उघडं पडणार होतं.

कारागिरानं पडदा भिंतीकडे फिरवला. "झालं मोजमाप. टोपलीत पाच-सहा चेंडू उरलेत, तेवढे संपवून टाका. मुलगा काय करतो म्हणालात?"

"पुलांची डिझाइनं," चेंडू मारत निरीक्षक म्हणाले. "लहानपणी पट्ट्यांचे पूल करायचा. आमच्या हिच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर."

"पडायचे?"

"रोज." दुसरा चेंडू गेला, तिसरा गेला. पुलाबद्दल सांगता सांगता त्यांनी सहाही चेंडू मारले. कंबर दुखली नाही.

कारागिरानं पडदा पुन्हा वळवला. सहा आकडे होते, सगळे बहात्तरच्या अल्याड-पल्याड.

"यंत्र चालू होतं?"

"मी ते बंद करतच नाही. पडदा दिसला की माणूस पडद्यासाठी मारतो. सगळेच मारतात, तुम्ही एकटे नाही. हा तुमचा खरा स्विंग. आणि वाईट नाही हो, एकसारखा आहे." त्यानं मुलाच्या क्लबचा शाफ्ट दोन्ही हातांत धरून वाकवून पाहिला. "हा तुमच्या वेगाला वाकतच नाही. मग क्लबचं तोंड उघडं राहतं आणि चेंडू उजवीकडे जातो. तुम्हाला हलका आणि लवचीक शाफ्ट हवा. क्लबची डोकी हीच ठेवू, पण हे शाफ्ट काढावे लागतील. गरम केले की डिंक सुटतो."

"ते त्याचे आहेत," निरीक्षक म्हणाले.

"मग विचारा त्याला."

ते दाराबाहेर पायरीवर गेले. मंगळवारी फोन म्हटल्यावर मुलगा घाबरलाच.

"काय झालं बाबा? बरे आहात ना?"

"बरा आहे रे. तुझ्या क्लबचे शाफ्ट बदलले तर चालेल का? मला जड जातात." मग एका दमात ते म्हणाले, "दोनशे यार्ड वगैरे काही नाही. शंभर. तेही वाऱ्याची कृपा असेल तर."



"बदला ना. मला काय करायचेत? बाबा, मी चार वर्षांत क्लब हातात धरलेला नाही. खांदा गेला माझा. घरात जागा नव्हती म्हणून सेट तुमच्याकडे पाठवला."

"मग दर रविवारी..."

"तुम्ही इतक्या हौसेनं सांगायचात. म्हटलं, बाबांना काहीतरी मिळालंय. कसं तोडू?"

निरीक्षकांच्या ओठांवर आलं होतं, अरे, मीही तुझ्यासाठीच बोलत होतो. समोरच्या दुकानाचं शटर कुणीतरी अर्धं ओढून आत गेलं, तिकडे ते पाहत राहिले.

"शनिवारी सकाळी मैदानावर तुम्हीच जाऊन या, मला थोडी कामं आहेत," मुलगा म्हणाला. "रविवारी बसू निवांत."

"बसू. जेवलास का?"

"हो. तुम्ही?"

"हो."

त्यांनी फोन ठेवला.

आत कारागीर डिंकाची बाटली हलवत होता. "काय म्हणाला?"

"काढा म्हणाला."

"शुक्रवारी संध्याकाळी देतो मग."

"घाई नाही. शनिवारी मी एकटाच आहे."

"एकट्याला मैदानात सोडत नाहीत. दुसरा कुणी एकटा आला की जोडी लावून देतात."

"आणि नाही आला तर?"

"बाकावर बसायचं. कधी पाऊण तास लागतो, कधी जास्त."

निरीक्षकांनी मान हलवली. कारागीर टेप घेऊन त्यांच्यापाशी गुडघ्यावर बसला. मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजल्याशिवाय तो शाफ्ट कापत नसे. निरीक्षकांनी छाती काढली.

"ताठ नका उभे राहू. घरी असता तसे राहा."

निरीक्षकांनी खांदे सोडले आणि जरा वाकून, हात खाली लोंबते ठेवून, माप पुरं होईपर्यंत ते तसेच उभे राहिले.