खंडेनवमीची बंदूक

धाडच्या शिवारात बंदुका होत्या दोन-चार, पण पंजाबरावांची बघायला माणसं वाट वाकडी करून येत. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली तरी ती बंदूक अजून गोऱ्यांच्याच जमान्यात होती. कुणा साहेबानं विलायतेला परत जाताना आजोबांना दिलेली. एका वेळी एकच गोळी. चापाखालची दांडी ओढली की नळीमागचा पोलादी ठोकळा विहिरीत बादली उतरावी तसा खाली जाई. गोळी सरकवायची, दांडी वर घ्यायची, की ठोकळा चढून नळीचं तोंड बंद. तो पुरता बसला नाही तर चाप हलायचाच नाही. पंजाबराव हे सांगू लागले की धाकटा भाऊ इंद्रभान हळूच सटकायचा. त्याचं सगळं ऐकून पाठ झालं होतं.

खंडेनवमीला बंदूक पाटावर दांडी ओढून उघडी ठेवायची, म्हणजे रिकामी आहे हे सगळ्यांना दिसतं. त्या वर्षी पूजा इंद्रभानच्या बायकोनं, चांगुणानं केली. लग्नानंतरची पहिलीच खंडेनवमी. पोरीनं हौसेनं हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला आणि मूठभर अक्षता टाकल्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ज्वारीत रानडुक्कर शिरलं. इंद्रभान हाकायला गेला, पंजाबराव बांधावर थांबले. डुक्कर उलटलं ते सरळ इंद्रभानवर. पंजाबरावांनी गोळी सरकवली, दांडी वर ओढली. दांडी अर्ध्यात अडली. त्यांनी जीव खाऊन पुन्हा ओढली. तेवढ्यात डुकरानं इंद्रभानचं पोट फाडलं होतं. बुलढाण्याच्या दवाखान्याच्या वाटेवर जीपमध्येच, चांगुणाच्या मांडीवर तो गेला.

तेरावं झाल्यावर पंजाबरावांनी गोठ्यात बसून बंदूक खोलली. ठोकळ्याच्या खाचेत कुंकवानं माखलेले तांदूळ घट्ट बसले होते. ते हमसून हमसून रडले. पूजेनंतर बंदूक पुसायचं काम त्यांचं होतं आणि सणाच्या गडबडीत ते राहून गेलं होतं. पण हे दाणे चांगुणाला दिसले तर ती एवढा विचार करणार नाही, सरळ विहीर गाठील. त्यांनी काडीनं दाणे काढले आणि शेणात कालवून टाकले.

दारात त्यांची बायको रुखमाबाई आली. तिच्यामागं डोक्यावरून पदर ओढून चांगुणा.

"काय निघालं हो बंदुकीत?" रुखमाबाईनं विचारलं. "हे पोरगी सकाळपासून इचारून राह्यली."

"काही नाही निघालं. बंदूक चांगली हाये. मीच भेलो. हात चालला नाही."

भासऱ्यासमोर, थोरल्या दिरासमोर तोंड उघडायची रीत नाही. चांगुणानं पदर मागं सारला आणि त्यांच्याकडं बघितलं.

"जीपमधी ते मले म्हणे, दादाचा दोष नाही, बंदूकच अडली असन. दादाले कोणाले काही बोलू देऊ नको."

पंजाबरावांनी शेणाचा हात धोतराला पुसला.

"त्याले काय मालूम," ते म्हणाले. "मी भेलोच."

दुपारच्या एसटीनं चांगुणा माहेरी देऊळगाव राजाला गेली. निघताना ती जावेच्या पाया पडली. पंजाबराव ओसरीवर उभे होते, त्यांच्यासमोरून ती तशीच निघून गेली.