शून्य माझ्या डोक्याशी

मित्रांनो, आधी तुमचे हात दाखवा. ओले असतील तर पुसा. माझ्याकडे धावत येऊ नका. दप्तराचा पट्टा टेबलावरून लोंबकळत ठेवू नका.

आता ठीक.

मी एक जुने ब्युरेट आहे. हुबळी-धारवाडच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या स्टँडला मला उभे अडकवलेले असते. बोटाएवढी जाड काचेची लांब नळी, अंगभर बारीक रेघा आणि खाली एक तोटी. तोटी फिरवली की माझ्यातले द्रावण थेंब थेंब खालच्या फ्लास्कमध्ये पडते. किती पडले ते रेघांवरून वाचायचे. एवढेच माझे काम. पण या कामात एक थेंब जास्त पडला तर मुलांचे वर्ष जाते, म्हणून मी कायम घाबरलेला असतो.

माझे शून्य डोक्याशी आहे आणि पन्नास पायाशी. मी रिकामा होत जातो तसा आकडा वाढत जातो. माझी गोष्टही तशीच वरून खाली वाचा.

शून्यापाशी

मी जाळात जन्मलो. एका कारागिराने मला ज्योतीवर धरून ओढले, सरळ केले. मग अंगाला मेण लावले, मेणावर रेघा ओढल्या आणि त्या रेघांतून आम्लाने मला खाल्ले. ज्यांना तुम्ही माझे आकडे म्हणता, ते माझे पहिले चावे आहेत. तोटी आणि तिची खोबण एकमेकांवर घासून जुळवली. दुसऱ्या कोणाची तोटी मला बसत नाही, माझी दुसऱ्याला बसत नाही.

गवत भरलेल्या खोक्यात झोपून मी इथे आलो. रस्त्यातला प्रत्येक खड्डा मला आठवतो. खोक्यातले सगळे काही शाबूत पोचले नव्हते.

दहापाशी

रसायनशास्त्राची पदवी म्हणजे काय, असे मला विचाराल तर मी रंगांत सांगेन.

पहिल्या सत्रात माझ्यात कॉस्टिक सोडा ओततात. तो पाण्यासारखा दिसतो, पण खालच्या फ्लास्कमध्ये गुलाबी उमटतो. पुढे परमँगनेट येते, वांग्याच्या रंगाचे. त्या दिवसांत मी सगळ्यात देखणा दिसतो. मग निळा रंग एका थेंबात नाहीसा होणारे प्रयोग. मग पाण्याचा जडपणा: मुले घरून बाटल्या भरून आणतात, उणकलच्या तळ्याचे, बोअरचे, नळाचे. कोणाचे पाणी किती वाईट, यावर भांडतात.

थिअरीचे विषय मला दिसत नाहीत, फक्त टेबलापाशी पाठ करणाऱ्यांचे ओठ ऐकू येतात. पण नियम मला ठाऊक आहे, कारण तो इथे रोज कोणीतरी कुजबुजते. हजेरी हवी. जर्नलवर सही हवी. थिअरीत पास हवे आणि प्रात्यक्षिकात वेगळे पास हवे. सगळे विषय सुटले आणि एक प्रात्यक्षिक राहिले, तर पदवी नाही.

आणि आणखी एक नियम, जो कुठेही लिहिलेला नाही. वाचन झाले की शेजारच्याला विचारायचे, "एष्टु बंतु?" किती आलं? कानडी पोरगा असो की मराठी, हे सगळे कानडीतच विचारतात. शेजाऱ्याचा आकडा आपल्यासारखा असला तर श्वास सोडायचा. नसला तर आपला खोडायचा.

एकतीसपाशी

नवीन ब्युरेटे आली. त्यांच्या तोट्या पांढऱ्या प्लास्टिकच्या, लोण्यासारख्या फिरणाऱ्या. मग मला नाव पडले, आज्जा. परीक्षेत जागेची चिठ्ठी काढायची आणि ज्याला खिडकीची जागा येईल त्याच्याकडे बघून बाकीच्यांनी हसायचे. "आज्जा आला रे तुझ्या वाट्याला!"

आरुषीला मी पहिल्यांदा पाहिले ते शेजारच्या टेबलावर. अळणावरची मुलगी. आई लाकडाच्या वखारीत कामाला. मुलीने गाडी धरून रोज यायचे आणि केस ओले असतानाच वर्गात शिरायचे. अभ्यासात चांगली. पण परीक्षा म्हटली की तिचे हात थरथरत.

गेल्या वर्षी तिने ती चूक केली, जी फक्त आमच्या जगात होते. द्रावण ओतून झाल्यावर ब्युरेटच्या डोक्यावरचे नरसाळे काढायला ती विसरली. नरसाळ्याला लोंबणारे थेंब मधेच आत पडतात. आकडा वाचायला जावे तर तो हलतो. तिची दोन वाचने जुळेनात. तिने शेजारी विचारले, "एष्टु बंतु?" आणि तोच आकडा दोनदा लिहिला. परीक्षकांनी कागद पाहिला, डोक्यावरचे नरसाळे पाहिले आणि म्हणाले, "माझ्यासमोर एकदा करून दाखव."

ती करू शकली नाही. बाकी सगळे विषय सुटले, हा एक राहिला.

आता अभ्यासक्रम बदलला आहे. जुन्या नियमांखालची ही शेवटची परीक्षा. यात गेले, तर नव्या अभ्यासक्रमात पहिल्या सत्रापासून सुरुवात. उणकलच्या बाजूला एका पाणी तपासणीच्या केंद्रात तिला काम मिळायचे होते, पदवीचा दाखला आणला तर.

ती खिडकीची चिठ्ठी घेऊन माझ्यासमोर आली तेव्हा हे सगळे मला माहीत होते. तिला माहीत नव्हते ते वेगळेच. काल संध्याकाळी माझ्यात काय राहून गेले होते ते.

अठ्ठेचाळीसपाशी

काल सरावाला लोकेश माझ्याकडे होता. तिच्याच वर्गातला, त्याचेही हेच प्रात्यक्षिक राहिलेले. कमरीपेठेचा, हसरा मुलगा. त्याने माझ्यात कॉस्टिक सोडा भरला, काम केले आणि घड्याळ पाहिले. प्रयोगशाळा सांभाळणारे सत्याप्पाअण्णा दारातून ओरडले, "ब्युरेट धुऊन ठेवा रे, सोडा राहू देऊ नका!"

"होय अण्णा, धुतलं!" असे म्हणत लोकेशने फक्त उरलेले ओतून दिले आणि पळाला. बस चुकली असती.

मित्रांनो, सोडा काचेला खातो. जराही घाई न करता खातो. तोटी आणि खोबण यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत तो शिरला, वाळला आणि दोघांना एकमेकांत चिकटवून बसला. मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो. सकाळी माझी तोटी फिरत होती, पण दारात अडकलेल्या माणसासारखी, धक्का दिल्याशिवाय नाही.

चिठ्ठीवर लिहिले होते: दिलेल्या व्हिनेगरमधल्या आम्लाचे प्रमाण काढा. म्हणजे पुन्हा सोडा. पुन्हा मी.

आरुषीने मला धुतले, सोड्याने विसळले, भरले आणि सगळ्यात आधी नरसाळे काढून टेबलावर आडवे ठेवले. त्याला हात लावून बघितले, खरेच काढले ना म्हणून. मग तोटीला हात घातला.

तिची बोटे थरथरत होती. भीती मला बोटांतूनच कळते, काचेला दुसरे काही कळत नाही. तिने हलके फिरवले. काही नाही. जरा जोराने. तोटी एकदम सुटली, भळकन सोडा ओतला गेला आणि फ्लास्क गडद गुलाबी झाला. थांबायचे असते पहिल्या फिकट गुलाबीला. जास्त. फार जास्त.

"काय गं, थरथरालीस कशाला?" शेजारून लोकेश कुजबुजला. त्याच्यापुढे नवीन ब्युरेट होते. "आज्जा चावतोय होय?"

"तोटी अडकालीय रे."

"मग सांग की सरांना."

"नको. मार्क कापतात म्हणे."

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतात."

परीक्षक बाहेरून आलेले. खुर्चीत बसून ते काहीतरी लिहीत होते. आरुषीने त्यांच्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. फ्लास्क धुतला, नवीन व्हिनेगर मोजून घेतले. मला पुन्हा वरपर्यंत भरले. नरसाळे काढले. हात लावून बघितले.

लोकेश म्हणाला, "माझं झालं एक. तुझं एष्टु बंतु?"

तिने तोटी धरली. तोटी फिरेना. तिने दोन्ही हात लावले. मला कळत होते काय होणार आहे. माझ्या खोबणीच्या भिंतीत एक रेघ उमटली, जी कोणत्याही कारागिराने ओढली नव्हती. थांब, पोरी. सोड. हाक मार कोणालातरी. तिने दात आवळले आणि जो—

पन्नासच्या खाली

इथे रेघा नाहीत.

तोटी तिच्या हातात होती आणि मी तोटीशिवाय. माझ्यातला सगळा सोडा टेबलावर, तिच्या तळव्यावर, फरशीवर. काचेचा आवाज लहानसाच झाला, पण सगळी प्रयोगशाळा थांबली. सगळ्यांचे थेंब थांबले.

सत्याप्पाअण्णांनी धावत येऊन तिचा हात नळाखाली धरला. "धू, धू, अजून धू. हेदरबेड, बाळ, घाबरू नको. कापलं नाही."

परीक्षक उठून आले. "एनायतु?" काय झालं?

आता ती सांगेल, आपोआप तुटले. असेच सांगतात सगळे, गेली कित्येक वर्षे. आणि मी काचेच्या कचऱ्याच्या डब्यात जाईन, आपोआप तुटलेला म्हणून. मला त्या डब्याची भीती वाटते. त्यात कोणी कोणाचे राहत नाही.

श्यामला मॅडम, इथल्या प्राध्यापिका, आरुषीच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"माझ्या हातून तुटलं सर," ती म्हणाली. "तोटी आधीपासून अडकत होती. मी जोर लावला."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"भ्याले होते. मार्क जातील म्हणून."

परीक्षकांनी चष्मा काढला. "तोटी अडकली हे सांगायला मार्क जात नाहीत. कोणी पसरवलंय हे?"

मग लोकेशने हात वर केला, पहिलीतल्या मुलासारखा. "सर, ते पसरवायचं माहीत नाही. पण काल त्यात सोडा मी ठेवला होता. अण्णांना धुतलं म्हणालो आणि धुतलं नव्हतं."

"शाबास!" सत्याप्पाअण्णा म्हणाले. "बस मिळाली नव्हं तुला?"

कोणीतरी हसले. लोकेश हसला नाही.

परीक्षक म्हणाले, "तिला दुसरं ब्युरेट द्या. पण परीक्षा संपायची वेळ तीच राहील."

तिला नवीन दिले, पांढऱ्या तोटीचे. मला आडवे करून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. तिथून मला छप्पर आणि पंखा एवढेच दिसत होते. तिचे थेंब मी फक्त ऐकले. भरभर, मग सावकाश, मग एकेक, मग इतके लांबलांब की मला वाटले ती थांबली. माझ्यात काही उरले नव्हते, तरी मीही तिच्याबरोबर थेंब धरून होतो.

शेजारून कुजबुज आली, लोकेशची नाही, दुसऱ्याच कोणाची: "ए, एष्टु बंतु?"

"माझं मला आलं," ती म्हणाली.

रबरी नळीपाशी

मी डब्यात गेलो नाही. सत्याप्पाअण्णांनी कानस घासून माझा तुटका भाग सरळ कापला आणि मला बर्नरवर धरले. पुन्हा जाळ. जन्माच्या वेळी होती तेवढीच भीती, पण या वेळी मला कळत होते की कडा बोथट केल्या नाहीत तर मी कोणाचे तरी बोट कापेन. मग त्यांनी खाली रबरी नळी बसवली, तिच्यावर चिमटा लावला आणि टोकाला काचेची चोच. चिमटा दाबला की थेंब पडतो. आता सोड्याने अडकायला माझ्याकडे तोटीच नाही. परमँगनेट मात्र कायमचे गेले. ते रबराला खाते. माझे देखणे दिवस संपले.

त्यानंतर पुष्कळ दिवसांनी आरुषी आली. पदवीचा दाखला हवा तर प्रत्येक विभागाची सही घ्यावी लागते, की हिच्याकडे आमचे काही राहिले नाही. नापास झालेली मुले त्या सहीसाठी येत नाहीत. म्हणून ती दारात दिसली तेव्हाच मला कळले.

श्यामला मॅडम सही करत होत्या. आरुषी खिडकीकडे आली. माझ्यासमोर पहिल्या सत्राची एक मुलगी उभी होती. पांढरा कोट तिला मोठा होत होता, बाह्या दुमडलेल्या. शेवटचा थेंब राहिला होता आणि ती चिमट्याला हात लावायला तयार नव्हती.

"अक्का, हे तुटकं आहे काय?" तिने विचारले.

"होय," आरुषी म्हणाली. "मीच तोडलंय. आधी ते नरसाळं काढ गं."

मुलीने वर पाहिले. जीभ चावली. नरसाळे काढले.

मग आरुषीने दाखवण्यासाठी माझा चिमटा दोन बोटांत धरला. तिचा हात अजूनही थरथरत होता. पदवीने ते गेले नव्हते. पण थेंब एकच पडला. फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी रंग उमटला आणि राहिला.

मित्रांनो, नवीन येणारा प्रत्येक हात मला अजूनही भीती घालतो. तुम्हालाही माझी वाटत असेल. काम झाले की मला पाण्याने धुवा, बस चुकली तरी. अण्णांना खोटे सांगू नका, ते मला सांगितल्यासारखे आहे.

आणि मी कुठे अडकलो, तर जोर लावू नका. हाक मारा.