सहा रात्री, सात दिवस आणि सुतक

दिवस पहिला. बँकॉकमध्ये आगमन. संध्याकाळ मोकळी.

मोकळी संध्याकाळ मी मोबाईलमध्ये आमचा ऐरोलीचा हॉल बघत घालवली.

हॉलमध्ये आई. तिला सकाळचं आठवत नाही, साठ वर्षांपूर्वीचं आठवतं. सोबतीला रंजिता. एरवी दिघ्याहून येऊन-जाऊन असते, हे सात दिवस मुक्कामाला. आणि कॅमेरा. तो निघायच्या आदल्या दिवशी माझ्या नवऱ्याने, दिलीपने बसवला. मोकळा प्लग देव्हाऱ्याशेजारी होता, म्हणून तिथेच, बाबांच्या फोटोखाली, चंदनाच्या हाराला लागून. त्यातून दिसतं. बटण दाबलं की बोलताही येतं.

"वैशाली, खाली बाजार लागलाय. चल ना," दिलीप म्हणाला.

"एकच मिनिट." मी बटण दाबलं. "आई, गोळी घेतलीस का?"

आईने मान वर केली. स्वयंपाकघराकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग भिंतीकडे. बाबांकडे. मग डोक्यावरून पदर घेतला आणि हात जोडले.

मला हसू आलं. लेकीला, ईश्वरीला दाखवलं.

"आजीला वाटलं देव बोलला!" ती म्हणाली.

आम्ही बाजारात गेलो.

दिवस दुसरा. मंदिरदर्शन. नदीतून फेरफटका. खरेदी.

चार वेळा बोलले. मंदिराच्या पायरीवरून, बोटीतून, मॉलमधून दोनदा. चारही वेळा आईने बाबांकडे पाहिलं. चौथ्या वेळी रंजिताला विचारलं, "वैशू कुठाय?"

"ताई फिरायला गेल्यात, आजी."

"लांब?"

"लय लांब."

"हं," आई म्हणाली. "लहान मुलांना असंच सांगायचं असतं."

दिवस तिसरा. विमानाने फुकेत. रिसॉर्टवर पारंपरिक स्वागत.

लॉबीत शिरतेय तोच रंजिताचा फोन. "ताई, राग नका मानू. तुमी त्या भिंतीतून बोलू नका. आजींना वाटतंय तुमचं काही बरंवाईट झालं. बाबांच्या इथनं तुमचा आवाज येतो ना."

"काहीतरीच काय! थांब, व्हिडिओ कॉल करते. मला बघितलं की पटेल."

केला. आईचा चेहरा स्क्रीनवर आला, सुरकुती नि सुरकुती दिसेल इतका जवळ. मी हसले. जमेल तेवढी हसले, हात हलवला, म्हटलं, "आई, ही बघ मी! समुद्र बघ मागे!"

आईने शांतपणे बघितलं. डोळे पुसले. मग मोबाईल रंजिताला परत देत म्हणाली, "हसरा निवडलात. बरं केलंत. मोठा करून घ्या."

"काय मोठा?" मी ओरडले. "रंजिता, काय मोठा?"

ईश्वरीने माझ्या खांद्याला हात लावला. "मम्मी. हार."

स्वागताचा. जांभळ्या ऑर्किडचा. दारातच एका मुलीने वाकून घातला होता, आणि मी तो काढला नव्हता.

संध्याकाळी आईने रंजिताला देव्हाऱ्यापाशी जाऊ दिलं नाही. "देवाला शिवू नको. सुतक आहे."

"कोणाचं, आजी?"

"आमच्या वैशूचं. लग्न झालेली लेक, तीन दिवस."

नाश्त्याला काय खाल्लं ते तिला सांगता येत नाही. हे बरोबर सांगितलं.

दिवस चौथा. स्पीडबोटीने बेटांची सहल. दुपारचे जेवण बेटावर.

बोटीत रेंज नाही. बेटावर एका नारळाखाली दोन काड्या आल्या. कालपासून आईने दोन घास पांढरा भात खाल्लाय. फोडणी नको, तळण नको. साखरेची गोळी चालू. उपाशीपोटी गोळी द्यायची का? रंजिता मला विचारते. मी कोणाला विचारू? डॉक्टरांचा फोन बंद, रविवार.

शेजारच्या गोजराताईंना फोन केला. तेवढं जाऊन सांगा म्हटलं. गोजराताई मूळच्या गोठिवलीच्या, कुणाचीही समजूत काढतील. मी कॅमेऱ्यातून बघत बसले.

"जयमालाबाई, तुमची पोर मजेत हाय. पान्यात पोहते."

"बसा," आई म्हणाली. चटई पुढे सरकवली. "तुम्ही आलात, आधार वाटला."

"अहो, पन ती जिती हाय!"

"माझ्यासाठी आहेच हो." आईने त्यांच्या हातावर हात ठेवला. "तुम्ही रडू नका."

पाच मिनिटांनी गोजराताईंचा फोन. "वैशाली, मी समजूत काढाया गेली ना समाचाराला बसून आली गो. तुजी आयशीच मला धीर देते!"

दिलीप आमच्या टूर मॅनेजरला, प्रीतमला, बाजूला घेऊन बोलत होता. मला तुकडे ऐकू येत होते.

"सर, ग्रुप तिकीट आहे… उद्याचं काहीच नाही… परवाचं मिळेल, पण ते दोन ठिकाणी थांबत जातं, तुम्ही ग्रुपच्या तीन तास आधी पोचाल फक्त… आजारपणाचं कारण देऊ का? नक्की काय झालंय आईंना?"

दिलीपने माझ्याकडे पाहिलं. मी मासे बघायला आलेल्यांकडे पाहिलं. नक्की काय झालंय? त्यांची मुलगी वारली. ती ही काय, इथे उभी आहे, लाइफ जॅकेट घालून.

"नको," दिलीप म्हणाला. "राहू दे."

दिवस पाचवा. संपूर्ण दिवस मोकळा.

आई चटईवर. पुन्हा दोन घास. रंजिता पाय चेपत होती आणि आई तिला माझ्याबद्दल सांगत होती. मी पोहायला शिकले नाही ते. परीक्षेच्या दिवशी मला दहीभात लागायचा ते. मी कधी न ऐकलेलंही. "हट्टी होती. पण बरं का, मला टाकून कुठे गेली नाही कधी."

अंगठा बटणावर होता. बोलले तर भिंत बोलणार. फोन केला तर फोटो बोलणार. गोजराताई सांगणार तर समाचार होणार. उरलं काय? प्रत्यक्ष जाणं. ते परवा, बुधवारी.

अंगठा काढला.

दिवस सहावा. कोरल बेट. ऐच्छिक.

सकाळीच रंजिता. आवाजात उत्साह. "ताई, सुटलो बघा! आजींनी डोक्यावरनं अंघोळ केली. चादरी धुवायला लावल्या. देवापाशी दिवा लावला. वरणाला फोडणी दे म्हटल्या, अडीच पोळ्या खाल्ल्या, अडीच! गोळी घेतली. आज तुमचं नावच नाही काढलं."

"देव पावला," दिलीप म्हणाला. चार दिवसांत पहिल्यांदा त्याने चष्मा काढून पाण्यात उडी मारली.

मी कॅमेरा उघडला. आई खुर्चीत बसली होती, उन्हात, केस मोकळे. चेहऱ्यावर काही नव्हतं. दुःख नाही, वाट बघणं नाही. रंजिताला म्हणाली, "बस इथे. तुझी वेणी घालते. केवढा गुंता केलायस."

रंजिता बसली. आई तिचे केस विंचरू लागली.

वेणी पुरी होईपर्यंत मी बघत राहिले. मग रंजिताला फोन केला. ती गॅलरीत येऊन हळू आवाजात बोलायला लागली.

"रंजिता, उद्या मी दारात उभी राहिले तर काय होईल?"

"घाबरतील, ताई."

"मग?"

खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ते इथे बेटावर ऐकू आलं.

"एक करा," ती म्हणाली. "पाहुण्या म्हणून या. मी ओळख करून देते. हळूहळू बघू. नाव काय सांगू?"

दिवस सातवा. न्याहारीनंतर विमानतळाकडे प्रस्थान.

बेल मी वाजवायची की रंजिताने दार आधीच उघडून ठेवायचं, हे अजून ठरलेलं नाही.